चार नंबरच्या दाराची किल्ली

मी बुडालेल्या जहाजाच्या वस्तू धुते. म्युझियमच्या कागदांवर माझ्या कामाला लांबलचक नाव आहे, पण बाबांना कोणी विचारलं की ते सांगतात, "पोरगी जहाजाची धुणी धुते." ते काही फार चूक नाही. नव्वद वर्षं समुद्राखाली पडलेली वस्तू वर आली की लगेच वाळू द्यायची नसते. वाळली की आत मुरलेलं मीठ फुगतं आणि वस्तू आतून फुटते. म्हणून ती पाण्यात ठेवायची, पाणी बदलायचं, पुन्हा बदलायचं. एकेका बुटाला वर्ष लागतं, पेटाऱ्याला तीन. माझ्या खोलीत असे एकवीस टब आहेत. सकाळी आठला एप्रन चढवायचा, प्रत्येक टबाचं पाणी तपासायचं आणि जाता जाता जहाजाला दोन शिव्या हासडायच्या, असा माझा सव्वीस वर्षांचा नेम आहे.

जहाजाचं नाव सांगायची गरज नाही. नुसतं 'जहाज' म्हटलं तरी शेंबड्या पोरालाही कळतं. गोष्टही सगळ्यांना पाठ आहे. जहाज बुडायला लागलं तेव्हा मालक स्वतः जहाजावर होते. त्यांनी आपलं लाइफ जॅकेट एका मोलकरणीला दिलं, बोटीतली जागा एका लेकुरवाळ्या बाईला दिली, आणि स्वतः चामड्याची बॅग मांडीवर घेऊन वरच्या हॉलमधल्या खुर्चीत शांत बसून राहिले. बॅगेत निळ्या खड्यांचा हार होता, लेकीच्या लग्नासाठी घेतलेला. आणि त्याच वेळी खाली, चार नंबरच्या दारापलीकडे, स्वस्त तिकिटाची एकशे तेरा माणसं अडकून मेली, कारण त्या दाराचा दारवाला कुलूप घालून पळाला होता.

मालकांचा पुतळा चौकात आहे. एका हातात बॅग, नजर समुद्राकडे, डोक्यावर कबुतर. दारवाल्याची पाटी म्युझियमच्या पहिल्याच दालनात आहे. वर काढून आणलेलं ते चार नंबरचं लोखंडी दार तिथे उभं केलंय, आणि शेजारी काळ्या पाटीवर मोठ्या अक्षरांत दारवाल्याचं पूर्ण नाव. खाली लिहिलंय, 'याने दार बंद केले व पळून गेला. आत एकशे तेरा माणसे राहिली.' शाळेच्या सहली येतात तेव्हा मुलं त्या नावाला जीभ काढून वेडावतात. मास्तर हसतात, बाई हसतात. ती जणू रीतच पडली आहे.

तो दारवाला म्हणजे माझे आजोबा.

म्युझियममध्ये हे कोणाला माहीत नव्हतं. लग्नानंतर आडनाव बदललं आणि माझी सुटका झाली. बाबांची कशी होणार? शाळेत त्यांना 'कुलूप' म्हणायचे. मोठे झाले, टाइपरायटर दुरुस्तीचं दुकान टाकलं, तरी गिऱ्हाईक दुकानात शिरता शिरता दाराकडे बघून म्हणायचं, "उघडं ठेवा हो, आम्हाला परत जायचंय." विनोद! रोजचा तोच विनोद. बाबा हसून घ्यायचे आणि घरी येऊन जेवायचे नाहीत.

आणि आमच्या घरात कड्याच नव्हत्या. त्या जहाजावरून परत आल्यावर आजोबांनी घरातल्या झाडून सगळ्या दारांच्या कड्या उपटून टाकल्या, अगदी संडासाची सुद्धा. मग आत बसलेल्या माणसाने गाणं म्हणायचं, म्हणजे बाहेरच्याला कळतं. आजी गायची, बाबा गातात, मीही लहानपणी घसा फोडून गायचे. माझे यजमान लग्नानंतर पहिल्यांदा माहेरी आले तेव्हा त्यांना गाता येत नाही म्हणून ते दिवसभर अवघडून बसले होते. आजही बाबांचा आवाज न्हाणीघरातून आला की गल्लीला कळतं, चौऱ्याऐंशी वर्षांचा म्हातारा धडधाकट आहे.

आजोबांनी चौकशीत एकच गोष्ट सांगितली होती आणि मरेपर्यंत तीच सांगत राहिले. दार नियमाप्रमाणे बंदच होतं. उघडायचा हुकूम आला, ते किल्ली घेऊन खाली धावले, जिन्याखाली गुडघाभर पाणी होतं, धक्काबुक्कीत किल्ली हातातून पाण्यात पडली. बराच वेळ चाचपडले, सापडली नाही. मग कोणीतरी ओढून बोटीत टाकलं. बोटीतल्या दोन बायकांनी साक्ष दिली की या माणसाचे बूट कोरडे होते. आजी म्हणायची, त्या भवान्या खोटं बोलल्या. आम्हीही तेच म्हणायचो.

बाबांची इच्छा एकच. मरायच्या आत त्या पाटीवरून बापाचं नाव उतरलेलं बघायचं. मी या नोकरीत त्यासाठीच घुसले. कधीतरी, कुठल्यातरी टबात, काहीतरी सापडेल म्हणून सव्वीस वर्षं हात पाण्यात घालून बसले. बोटांची कातडी गेली माझी.

गेल्या वर्षी पाणबुड्यांना मालकांची बॅग सापडली.

गावात नुसता धुमाकूळ. मालकांचे नातू, सगळे त्यांना धाकटे मालक म्हणतात, पासष्टीचे आहेत पण धाकटेच. तेच म्युझियमचे अध्यक्ष. ते स्वतः बॅगेबरोबर गाडीतून आले. टब खोलीत आणला तेव्हा त्यांनी माझ्याकडे न बघता सांगितलं, "बाई, हात जपून. या बॅगेत आमच्या घराण्याची इज्जत आहे."

"असू दे साहेब," मी म्हटलं. "ती पण भिजली असेल. वेळ लागेल."

आमचे संचालक खोकले. धाकट्या मालकांना कळलंच नाही.

चामडं चांगलं कमावलेलं असलं की समुद्राचे किडे त्याला तोंड लावत नाहीत. बॅग शाबूत होती, चांदीच्या कडीवर मालकांची आद्याक्षरं वाचता येत होती. तीन महिने पाणी बदलल्यावर मी ती संचालकांसमोर उघडली. आत दाढीचं सामान, लगदा झालेले कागद, आणि मुठीएवढा एक दगडी गोळा. असे गोळे आम्हाला नवीन नाहीत. समुद्रात लोखंड गंजायला लागलं की त्याच्याभोवती वाळू, शिंपल्यांचा चुरा, गंज असं सगळं चिकटून दगड होतो. कधी कधी आतलं लोखंड पार विरघळून जातं आणि दगडात नुसती पोकळी उरते. पण ती पोकळी वस्तूच्या हुबेहूब आकाराची असते. दगडाला बारीक भोक पाडून आत पातळ रेझिन भरायचं, ते कडक झालं की वरचं कवच फोडायचं. गेलेली वस्तू परत हातात येते, खाचाखोचांसकट.

मी गोळ्याचा एक्स-रे काढला.

धाकटे मालक, संचालक आणि मी, असे तिघं उजेडाच्या काचेसमोर उभे राहिलो. काचेवर एक साखळी लखलखत होती. बारीक बारीक कड्या, आणि टोकाला एक गोल चकती. पितळ होतं ते. पितळ समुद्रात टिकतं आणि एक्स-रेत पांढरंशुभ्र उठतं.

"हार!" धाकटे मालक ओरडले. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. "माझ्या आत्याचा हार! हे बघा, पदक सुद्धा दिसतंय!"

संचालकांनी मान डोलावली. ते हिशेबी माणूस, अध्यक्षांना जे दिसतं ते त्यांना लगेच दिसतं.

मला मात्र साखळीच्या टोकाला आणखी काहीतरी दिसलं. राखाडी, पुसट, सावलीसारखं. लोखंड गेलेली पोकळी. लांब दांडा, एका बाजूला कडं, दुसऱ्या बाजूला तीन दात. सव्वीस वर्षांत अशा शंभर सावल्या बघितल्यात मी. त्या दोघांना ती दिसणं शक्यच नव्हतं, कारण ते हार बघत होते. मी काचेवर भिंग धरलं आणि चकतीवरचा आकडा वाचला. चार.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. नव्वद वर्षं. कुलूप, कुलूप, कुलूप. आणि किल्ली यांच्या बॅगेत!

"बाई, तुम्हाला काय वाटतं?" संचालकांनी विचारलं.

मी तेव्हाच बोलायला हवं होतं. पण बोलले असते तर काय झालं असतं ते मला चांगलं ठाऊक होतं. गोळा बंद खोलीत फुटला असता, किल्ली कुठल्यातरी खणात गेली असती, आणि मला बढती देऊन नाण्यांच्या विभागात पाठवलं असतं. अध्यक्ष कोण? धाकटे मालक. खणाची चावी कोणाकडे? त्यांच्याकडे. तेव्हा मी म्हटलं, "साहेब, एक्स-रेत साखळी आहे हे नक्की. बाकीचं फोडल्यावर कळेल."

यातलं एक अक्षर खोटं नव्हतं.

"मी फोडणार," धाकटे मालक म्हणाले. "माझ्या हाताने. स्मृतिदिनाला, सगळ्यांसमोर. टीव्हीवाल्यांना बोलवा. खाली बुडालेल्यांच्या घरच्यांनाही बोलवा, त्यांनाही बरं वाटेल."

"कशाने बरं वाटेल?" मी विचारलं.

"अहो, हार बघून!"

मी मान खाली घातली आणि एप्रनला हात पुसत राहिले. नाहीतर मी त्यांच्या थोबाडीत मारली असती.

स्मृतिदिनाला दोन महिने होते. दुसऱ्या दिवशी मी गोळ्याला भोक पाडलं आणि रेझिनमध्ये काळा रंग कालवून पोकळी भरली, म्हणजे बाहेर येईल तेव्हा लोखंडासारखी दिसेल. रोजच्या वहीत तसं लिहून ठेवलं, 'पोकळी रेझिनने भरली.' संचालकांनी वाचलं नाही, सही ठोकली. ते कधीच वाचत नाहीत.

मग मी बाबांकडे गेले. रविवारची दुपार होती. ते पुढच्या खोलीत एका जुन्या टाइपरायटरचं पोट उघडून बसले होते. आता गिऱ्हाईक येत नाही, पण हात गप्प बसत नाहीत. मी दाराशीच सांगून टाकलं, "बाबा, किल्ली सापडली. मालकांच्या बॅगेत होती. यांचे दिवस भरले!"

मला वाटलं ते उड्या मारतील. त्यांनी हातातला पेचकस खाली ठेवला.

"बॅगेत?"

"हो. पितळी चकतीवर चार नंबर आहे. आता बघाच तुम्ही, त्या पुतळ्याच्या तोंडाला कसं काळं फासते ते."

"पण पोरी," बाबा म्हणाले, "ती तर पाण्यात पडली होती ना?"

मी खुर्चीत बसले. इतक्या दिवसांत हे माझ्या डोक्यात आलं नव्हतं. रागाने माणूस आंधळा होतो म्हणतात, मी तर ठार आंधळी झाले होते. किल्ली जिन्याखालच्या पाण्यात पडली असती तर ती मालकांच्या बॅगेत, चांदीच्या कडीआड, वरच्या हॉलमध्ये जाणार कशी?

"सापडली असेल कोणाला," मी म्हटलं. "नेऊन दिली असेल."

बाबा उठले. आत गेले, पलंगाखालून पत्र्याची ट्रंक ओढली आणि जुन्या चादरीत गुंडाळलेले बूट काढून माझ्यासमोर ठेवले. आजोबांचे बूट, बोटीतून उतरले तेव्हा पायात असलेले. पुन्हा त्यांनी ते घातले नाहीत. आजीने टाकले नाहीत.

"तू चामड्याची डॉक्टर आहेस," बाबा म्हणाले. "गुडघाभर समुद्राच्या पाण्यात उभे राहिलेले बूट तुला ओळखता येतील?"

"येतील."

"मग बघ. आणि मला खरं सांग. मला गोंजारू नकोस."

मी बूट कामावर नेले. चामड्यात एकदा समुद्राचं पाणी मुरलं की मीठ शिवणीत जाऊन बसतं आणि तिथून हलत नाही. मी आतला तळवा, टाचेची शिवण, जिभेखालचा पट्टा, अशा तीन जागांचे तुकडे शुद्ध पाण्यात भिजवले. त्या पाण्यात औषधाचा एक थेंब टाकला की मीठ असलं तर पाणी दुधासारखं होतं. रोज मी हीच तपासणी करते, माझ्या टबांचं पाणी रोज दुधासारखं होतं. त्या दिवशी तीन काचेच्या नळ्या समोर ठेवल्या आणि थेंब टाकले.

तिन्हीतलं पाणी नितळ राहिलं. बुटाच्या पुढच्या टोकाला चार शिंतोडे होते, बोटीत बसलेल्या कुठल्याही माणसाच्या बुटावर असतील तेवढे. आत काही नाही. ते बूट पाण्यात उभे राहिलेच नव्हते.

भवान्या खऱ्या बोलल्या होत्या.

मी बाबांना तसंच सांगितलं, उभ्याउभ्या, एका दमात, कारण थांबले असते तर रडले असते. ते खिडकीबाहेर बघत म्हणाले, "तो पुतळ्यापुढून जाताना टोपी काढायचा. सगळं गाव त्याच्यावर थुंकत होतं आणि हा पुतळ्याला टोपी काढायचा. मी विचारायचो, अहो, त्याला का मान देता? तर म्हणायचा, राहू दे." ते माझ्याकडे वळले. "व्यवहार झाला होता त्यांचा. किल्ली दे आणि बोटीत बस. खालचे वर आले असते तर वरच्यांना बोटी पुरल्या नसत्या. याने दिली. हा बसला."

"बाबा, मी अजून थांबवू शकते," मी म्हटलं. "मी सांगते साहेबांना, तो हार नाही. गुपचूप फोडतील, गुपचूप ठेवतील. कोणाला काही कळणार नाही."

"आणि पाटी?"

"पाटी तशीच राहील."

पुढचे चार दिवस बाबा न्हाणीघरात गायले नाहीत. दार नुसतं लोटून आत बसायचे आणि बाहेर मी ताटकळायचे, कारण मी हट्टाने त्यांच्याकडे राहायला आले होते. मला त्यांची काळजी वाटत होती आणि आजोबांची चीड येत होती. मेलेल्या माणसाशी भांडता येत नाही ही मोठी अडचण आहे. पाचव्या दिवशी सकाळी ते चहा घेताना म्हणाले, "मला इस्त्रीचा शर्ट लागेल स्मृतिदिनाला."

"तुम्ही येणार?"

"येणार म्हणजे? माझ्या बापाचा कार्यक्रम आहे."

स्मृतिदिन सकाळी अकराला, पहिल्याच दालनात, त्या लोखंडी दारासमोर. पुढच्या तीन रांगांत गादीच्या खुर्च्या, त्यांवर मालकांचा गोतावळा. मागे प्लॅस्टिकच्या खुर्च्या, त्यांवर एकशे तेरांच्या घरची माणसं. नव्वद वर्षांनीही मेले वरचे वर आणि खालचे खाली. बाबा शेवटच्या रांगेत कडेला बसले होते, मांडीवर कापडी पिशवी.

टेबलावर मखमल, मखमलीवर गोळा, शेजारी पाण्याच्या काचपेटीत बॅग. धाकट्या मालकांनी वीस मिनिटं भाषण केलं. त्याग, शौर्य, घराणं, सगळं आलं. दारवाल्याचंही नाव आलं, 'तो नीच माणूस' म्हणून. मी टेबलाशेजारी हातमोजे घालून उभी होते. मग त्यांनी छोटी हातोडी उचलली आणि माझ्याकडे बघितलं.

"कुठे मारू?"

"इथे," मी बोट ठेवून दाखवलं. "हलकेच. मग तिथे. घाई करू नका साहेब, तुमचीच वस्तू आहे."

त्यांनी मारलं. कवच तडकलं. दुसरा घाव, तिसरा. मोठा पडदा होता भिंतीवर, सगळ्यांना दिसत होतं. पितळी साखळी सुटून मखमलीवर पडली तेव्हा पुढच्या रांगांनी टाळ्या वाजवल्या. धाकट्या मालकांनी साखळी दोन बोटांत धरून उचलली, आणि तिच्याबरोबर उरलेलं कवच गळून पडलं.

साखळीला काळी, बोटभर लांब, तीन दातांची किल्ली लोंबत होती.

टाळ्या थांबल्या. एक-दोघं उशिरापर्यंत वाजवत राहिले, मग तेही थांबले.

"हा... हा हार नाही," धाकटे मालक माइकमध्ये म्हणाले.

"चकतीवर काय लिहिलंय?" मागून एक म्हातारी ओरडली. तिची थोरली बहीण त्या दाराआड गेली होती, मी तिला दरवर्षी बघते. "वाचा ना, काय लिहिलंय?"

त्यांनी वाचलं. स्वतःच्या तोंडाने, माइकमध्ये. "चार."

म्हातारीने शेजारच्या लोखंडी दाराकडे बघितलं. दारावर फूटभर उंचीचा तोच आकडा होता. तिने पुन्हा किल्लीकडे बघितलं, मग बॅगेवरच्या चांदीच्या कडीकडे. प्लॅस्टिकच्या खुर्च्या करकरायला लागल्या, माणसं उभी राहत होती.

धाकट्या मालकांच्या तोंडचं पाणी पळालं होतं, पण माणूस चलाख. त्यांनी घसा साफ केला. "हे त्या दारवाल्याचंच काम. त्यानेच लपवली असणार आमच्या आजोबांच्या बॅगेत. भेकड माणूस! पळण्याआधी किल्ली टाकून दिली असेल कुठेतरी, आणि..."

पुढच्या रांगांनी सुटकेचा श्वास टाकला. मला ते अपेक्षितच होतं, पण ते खोडून काढायला माझ्या हातात काही नव्हतं. किल्ली बॅगेत कोणी ठेवली हे किल्ली सांगत नाही.

"थांबा," बाबा म्हणाले.

ते उठले आणि मधल्या वाटेने पुढे आले. त्यांना वेळ लागला, सगळे बघत राहिले. त्यांनी पिशवीतून बूट काढले आणि मखमलीवर, किल्लीशेजारी ठेवले.

"मी दारवाल्याचा मुलगा," ते म्हणाले.

मागून कोणीतरी शिवी दिली. बाबांनी मान हलवली, जणू पोहोचली.

"माझा बाप आयुष्यभर खोटं बोलला. किल्ली पाण्यात पडली म्हणाला. हे त्याचे बूट, आत मिठाचा कण नाही. तपासून घ्या, कुठेही पाठवा. तो त्या दाराकडे गेलाच नाही. तो वर गेला. वर कोण होतं, तर तुमचे आजोबा. त्याने किल्ली दिली, त्यांनी घेतली. त्याला बोटीत जागा मिळाली, त्यांनी बॅगेची कडी लावली. माझा बाप भेकड होता. त्याने एकशे तेरा माणसं विकली. त्याचा मुलगा म्हणून मी हे सगळ्यांसमोर कबूल करतो." मग ते धाकट्या मालकांकडे वळले. "विकली म्हणजे घेणारा पण असतो, साहेब. मी माझं सांगितलं. आता तुम्ही तुमचं सांगा."

संचालक माझ्या कानाशी आले. "बाई, हे कोण गृहस्थ?"

"माझे वडील," मी म्हटलं, मुद्दाम माइकजवळ.

मागची म्हातारी आता पुढे येऊन गादीच्या खुर्चीत बसली होती, तिला कोणी उठवलं नाही. ती म्हणाली, "बोला ना. आम्ही ऐकतोय." हातातली किल्ली कुठे ठेवावी हे धाकट्या मालकांना कळेना. शेवटी ते ती हातात घेऊनच निघाले, तेव्हा मी पुढे होऊन हातमोजा पसरला आणि म्हटलं, "द्या इकडे. यावेळी नेता येणार नाही." मला इतकं बरं वाटलं की सांगून सोय नाही. आजही वाटतं. मला त्याची मुळीच लाज नाही.

नंतर बऱ्याच गोष्टी झाल्या. बूट तीन ठिकाणी तपासले गेले, तिन्हीकडून तेच उत्तर आलं. धाकट्या मालकांनी अध्यक्षपद सोडलं. त्यांनी पत्र पाठवलं की नवी पाटी लावणार असाल तर आमच्या आजोबांच्या ओळीआधी 'असे म्हणतात' हे दोन शब्द घाला. मी उत्तर लिहिलं की नव्वद वर्षं आमच्या आजोबांच्या ओळीआधी ते दोन शब्द कोणी घातले नाहीत, तेव्हा तुमच्याही नाहीत. पुतळा अजून आहे. हातातल्या बॅगेवर रोज रात्री कोणीतरी चारचा आकडा खडूने काढतं आणि रोज सकाळी नगरपालिकेचा माणूस पुसतो. मी नाही काढत. कोण काढतं ते मला माहीत आहे, पण सांगणार नाही.

बाबांनी मला बाजारातून कडी आणायला लावली होती. "किल्ली त्याने दिली, मग मी का गात बसू?" म्हणाले. कडी अजून टेबलावर पडून आहे. गाणं सवयीचं झालंय.

नवी पाटी लागली त्या दिवशी मी त्यांना घेऊन गेले. दोन नावं शेजारी शेजारी. 'याने किल्ली दिली. याने घेतली. आत एकशे तेरा माणसे राहिली.' बाबा चष्मा पुसून पाटीजवळ गेले आणि बोटाने अक्षरं मोजायला लागले.

"त्यांचं नाव एक बोट लांब भरतंय."

"नाव लांब आहे बाबा. अक्षरं सारखी आहेत, मी पट्टी लावून घेतलीय."

"नक्की?"

"नक्की."

तेवढ्यात शाळेची सहल आली. तीसेक मुलं, बरोबर बाई. मुलं धावत पाटीपाशी आली आणि सवयीने आजोबांच्या नावाला जीभ काढून वेडावून दाखवायला लागली. मी पुढे होणार तेवढ्यात बाबांनी माझा हात धरला. एका मुलीने दुसऱ्या नावाकडे बोट दाखवून बाईंना विचारलं, "यांना पण करायचं?" बाई गडबडल्या. हे कोणी त्यांना शिकवलं नव्हतं.

"दोघांना, बाळांनो," बाबा म्हणाले. "दोघांना करा."

आणि मुलांच्या घोळक्यात उभं राहून त्यांनी आधी आपल्या बापाला जीभ काढून दाखवली, मग मालकांना. मालकांना जरा जास्त वेळ.